काळीज आणि कलेजी : शिरूर-दौंड भागातील स्वस्त मांसान्नाविषयी एक टिपण

शिरूर व दौंड या तालुक्यांतील कोंबडीच्या दुकानांतून 'कलेजी-पेटा' या नावाने जो जिन्नस वेगळा तोलून मिळतो, त्यास 'गरिबांचे पारंपरिक अन्न' म्हणण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. यांपैकी 'गरिबांचे' हे विशेषण यथार्थ आहे. 'पारंपरिक' हे मात्र तपासून घ्यावयास हवे. शब्दांची साक्ष काढली असता निराळाच वृत्तांत हाती लागतो.

आतल्या अवयवांची व उरल्यासुरल्या भागांची जुनी नावे या भागात बोकड-मेंढरांभोवती गोळा झालेली आहेत. वजडी, मुंडी, पाया, रक्ती हे शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बोकड उभा राहतो, कोंबडी नव्हे. 'काळीज' हा शब्द तर फार जुना. संस्कृत 'कालेय', प्राकृत 'कालिज्ज' अशी त्याची वंशावळ आहे. (आपले कवी काळजाला हृदय समजून चालतात, खाटकाला तो घोटाळा परवडत नाही. त्याच्या लेखी काळीज म्हणजे यकृतच.) याच कुळातील 'कलेजी' हे रूप हिंदुस्थानीतून आले. म्हणजे एकच शब्द आपल्याकडे दोनदा आला : एकदा घरच्या वाटेने, एकदा बाजारच्या. शिरूर ही इंग्रजी फौजेची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री पुण्याकडे निघालेली स्टाँटनची तुकडी येथूनच निघाली. दौंड 1878 मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर रेल्वेचे जंक्शन बनले. पलटणीची व रेल्वेची मिश्र बोली या दोन बाजारांत आडगावांच्या आधी रुळली असावी, असे अनुमान करावयास हरकत नाही. 'पेटा', कोणी 'पेठा'ही म्हणतात, हा शब्दही दुकानातलाच. कोहळ्याच्या मिठाईशी त्याचा संबंध नाही.

कोंबडीच्या अवयवांपुरती घरगुती शब्दसंपत्ती इतकी तुटपुंजी का? कारण साध्या हिशेबात आहे. एका कोंबडीत एकच काळीज आणि एकच पेटा. पाहुण्यासाठी वा नवसासाठी परड्यातली कोंबडी कापली की तिचे सारे त्याच रश्श्यात पडे. काळजाचा तुकडा फार तर एखाद्या पोराच्या ताटात जाई. चारचौघांना पुरेल एवढी नुसती कलेजी-पेट्याची भाजी करावयाची तर सात-आठ कोंबड्या तरी एका वेळी कापल्या जावयास हव्यात, आणि त्यांचे उरलेले मांस घेणारे दुसरे कोणी हवे. शेतकऱ्याच्या घरी हे घडणे अशक्य होते. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. पुढे ब्रॉयलरचा धंदा पसरला आणि पुणे जिल्ह्यात कोंबडीपालनाच्या शेडी उभ्या राहिल्या. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींनी रोजंदारीचे गिऱ्हाईक आणले. हा पदार्थ स्वतंत्र झाला तो या दुकानात. त्याचे वय पाऊणशे वर्षांहून अधिक धरता येत नाही.

परंतु ही केवळ पाककृतीची कालगणना नव्हे. जुन्या गावगाड्यात जनावराचा कोणता भाग कोणाकडे जावा, हे पैशाने ठरत नसे. बोकड हलाल करणारा मुलाणी वतनदारांत मोडे व त्याचा वाटा ठरलेला असे. मेलेले ढोर ओढण्याचे काम महारांवर लादलेले होते आणि त्याचे मांस हाच त्या कामाचा मोबदला समजला जाई. 1927 साली महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, ते या मोबदल्यातील अपमान ओळखूनच. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या ग्रंथात मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाची जी नोंद केली आहे, ती वाचताना 'पारंपरिक' हा गुळगुळीत शब्द किती गोष्टी झाकतो, हे ध्यानी येते. वाट्याला आलेले आणि विकत घेतलेले यांत मोठे अंतर आहे. कोंबडीच्या दुकानात काट्यापुढे उभ्या असलेल्या बाईला जात विचारली जात नाही. भाव तेवढा सांगितला जातो. 2015 मध्ये लागू झालेल्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर स्वस्त मांसाचा एक मार्ग बंद झाला, तेव्हापासून या काट्याचे महत्त्व अनेक घरांत वाढले आहे.

रांधण्याची रीत मात्र जुनीच, बोकडाच्या वजडीवरून उतरलेली. पेटा उभा चिरून आतील खडे व पिवळे कातडे काढावयाचे, हळद-मीठ लावून तो आधी शिजवून घ्यावयाचा. त्यास वेळ लागतो. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी न फुटू देता काढावी लागते, नाहीतर सारे कडू होते. कलेजी शेवटी घालावयाची, कारण ती अधिक शिजली की रबरासारखी होते. कांदा, लसूण, भाजलेले सुके खोबरे व काळा मसाला यांवर परतून हे बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. घरात खाणारी तोंडे अधिक असली तर पाणी वाढवून त्याचाच रस्सा होतो; अशा दिवशी भाकरी कुस्करून खावयाची, तुकडे पोरांना.