म्युनिकने विंडोज सोडलं, मग पुन्हा घेतलं : हा इतिहास कसा वाचायचा?

विंडोज सोडून लिनक्सवर जावं का, हा प्रश्न सध्या पुन्हा विचारला जातोय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. अशी चर्चा निघाली की कोणीतरी म्युनिकचं उदाहरण देतंच. एक म्हणतो, "एवढ्या श्रीमंत जर्मन शहराला लिनक्स झेपलं नाही." दुसरा म्हणतो, "झेपलं होतं, राजकारण्यांनी घालवलं." दोघांनाही शेवट माहीत असतो, पण मधली वर्षं कोणी बघत नाही. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर ती मधली वर्षं बघणं हेच तुमचं काम आहे. म्हणून आज ही केस जरा सावकाश पाहू.

2003 : तेव्हा नेमकं काय ठरवायचं होतं?

म्युनिक महापालिकेत साधारण 14 हजार कॉम्प्युटर विंडोज एनटी 4 वर चालत होते, आणि मायक्रोसॉफ्ट त्या आवृत्तीचा सपोर्ट बंद करणार होती. म्हणजे "आहे तसंच राहू द्या" हा पर्यायच नव्हता. नव्या विंडोजवर जायचं की लिनक्सवर, एवढाच प्रश्न होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा हिशोब यावरच अडणार आहे.

मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर त्या वेळी स्कीइंगच्या सुट्टीवर होते. ती सोडून ते महापौर क्रिस्तियान ऊडे यांना भेटायला आले. कंपनीने किंमतही बरीच उतरवली. तरीही मे 2003 मध्ये नगरपरिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. आता गंमत अशी की कागदावर लिनक्सचा प्रस्ताव स्वस्त नव्हता, उलट महागच होता. "फुकट मिळतं म्हणून घेतलं" हे आपण सहज गृहीत धरतो, पण इथे ते लागू पडत नाही. आपण आवृत्ती कधी बदलायची हे एका कंपनीने ठरवू नये, हा परिषदेचा मुख्य मुद्दा होता. म्हणजे पैसे वाचवण्यापेक्षा स्वातंत्र्य महत्त्वाचं मानलं गेलं.

दहा वर्षं कशात गेली?

या प्रकल्पाचं नाव लिमक्स. तो 2013 च्या अखेरीस पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा 14 हजारांहून जास्त कॉम्प्युटर लिनक्सवर आले होते. पण एवढी वर्षं लिनक्स बसवण्यात गेली नाहीत. ते काम तुलनेने सोपं होतं. वेळ गेला तो फॉर्म, पत्रांचे नमुने आणि मॅक्रो यांच्यात. प्रत्येक खात्याने वर्षानुवर्षं वर्डमध्ये आपापले नमुने बनवून ठेवले होते. काही सारखेच होते, तर काही कोणी बनवले हेही माहीत नव्हतं. शेवटी पालिकेने त्यासाठी 'वोलमक्स' नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहून घेतलं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं केलं. शिवाय पालिकेत वीसेक वेगवेगळे आयटी विभाग होते, आणि प्रत्येकाची पद्धत निराळी होती.

थोडक्यात, ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला घेतली आणि कामाची घडीच बदलावी लागली.

किती पैसे वाचले?

तुमच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाचा भाग हा. 2012 मध्ये पालिकेने सांगितलं की लिमक्समुळे 1 कोटी युरोंहून जास्त वाचले. पुढच्याच वर्षी एक अभ्यास आला की विंडोजच कितीतरी स्वस्त पडलं असतं. तो एचपीने मायक्रोसॉफ्टसाठी केला होता. पहिल्याच फटक्यात आपण म्हणतो, पैसे कोणी दिले बघा! बघायलाच हवं. पण पालिकाही काही तटस्थ नव्हती, तिला स्वतःचा निर्णय बरोबर ठरवायचा होता. त्यामुळे "कोण खोटं बोलतंय" इथेच थांबलात तर काही हाती लागत नाही.

खरा फरक तुलनेत होता. पालिकेने लिमक्सची तुलना विंडोज 7 वर जाण्याच्या खर्चाशी केली. दुसऱ्या अभ्यासाने ती जुन्या एक्सपी आणि ऑफिस 2003 शी केली. "लिनक्स घेतलं नसतं तर काय झालं असतं" याची दोघांची कल्पनाच वेगळी होती. जे घडलंच नाही, त्याचा खर्च मोजायचा तर आधी काहीतरी गृहीत धरावं लागतं. आकडा दिसला की आधी ते गृहीतक शोधा.

2017 : मग परत का?

2014 मध्ये डीटर रायटर महापौर झाले. ते लिनक्सचे चाहते नव्हते. कर्मचाऱ्यांच्याही तक्रारी होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. पण फोनवर मेल आणि कॅलेंडर जुळत नाही, ही अडचण मुळात सर्व्हरच्या बाजूची होती. 2016 मध्ये ॲक्सेंचरच्या अहवालात विंडोजकडे वळण्याची शिफारस आली, पण त्याच अहवालाने मोठं दुखणं विखुरलेल्या आयटी व्यवस्थेत असल्याचंही सांगितलं. नोव्हेंबर 2017 मध्ये परिषदेने सुमारे 5 कोटी युरो खर्चून विंडोज 10 वर जायचं ठरवलं. 2020 मध्ये नवी आघाडी आली आणि शक्य तिथे पुन्हा मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं ठरलं.

आता यातलं "अपयश" नेमकं कुठल्या तारखेला झालं, सांगा बरं. 2013 मध्ये थांबलात तर यशोगाथा दिसते, 2017 मध्ये थांबलात तर पराभव, आणि 2020 पर्यंत गेलात तर न मिटलेलं भांडण. गोष्ट कुठे संपवायची हे इतिहासकार ठरवतो, आणि का तिथेच संपवली हे त्याला सांगता आलं पाहिजे.

आणि तुमचा लॅपटॉप?

पीएचडीच्या मध्यावर सिस्टीम बदलायची की नाही, हा लहान निर्णय नाही. त्यात तुमचे महिनेच्या महिने अडकू शकतात. म्युनिककडून घ्यायचं ते एवढंच, की आधी फाइली बघा. मराठीत संशोधन करणाऱ्यांसाठी तर हे फारच खरं आहे. युनिकोडच्या आधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख, मार्गदर्शकांनी दिलेल्या जुन्या टिपणांच्या फाइली, हे आपले "फॉर्म आणि मॅक्रो". तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरं दिसतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून तपासा. विभागात प्रबंधाचा नमुना वर्डमध्येच मागतात का, सर बदल ट्रॅक चेंजेसमध्ये सुचवतात का, हेही विचारून घ्या. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून आठवडाभर खरं काम करून बघा.

आणि "न बदलण्याचा" खर्चही मांडा. सपोर्ट संपलेल्या सिस्टीमवर मुलाखतींच्या ध्वनिफिती ठेवणं फुकट नसतं. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं त्यात असतं.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या विषयात एकाच घटनेवर उलटसुलट आकडे देणारे दोन अहवाल शोधा, आणि प्रत्येकाने तुलना कशाशी केली ते एका ओळीत लिहा. त्या दोन ओळींमधून तुमचा संशोधन प्रश्न निघू शकतो.