नवेगावबांध

नवेगावबांध : महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील डोंगरपायथ्याचे गाव व त्याला लागून असलेला प्रसिद्ध तलाव. गोंदियाच्या दक्षिणेस सुमारे ६५ किमी. जवळचे रेल्वे स्थानक गोंदिया–बल्लारशाह मार्गावरील देवलगाव. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव भंडारा जिल्ह्यात होते, म्हणून जुन्या गॅझेटियरांत त्याचा शोध भंडाऱ्याखालीच घ्यावा लागतो.

उत्तरेकडील गोंदिया तालुक्यातील गावे वैनगंगा-बाघ खोऱ्याच्या धानपट्ट्यात येतात. दक्षिणेकडे यावे तशी जमीन उंचसखल होते आणि नवेगावच्या टेकड्या लागतात. त्या फार उंच नाहीत, पण एकमेकींना खेटून उभ्या आहेत. उतारांवर साग, ऐन, बीजा, मोह, तेंदू व बांबू. पाऊस भरपूर पडतो, मात्र जवळजवळ सगळा चार महिन्यांत. रोवणी उत्तम झाली तरी परतीच्या पावसाने दगा दिला की गर्भातला धान वाळतो. एवढ्या पावसाच्या मुलखात तलावांची एवढी दाटी का, याचे उत्तर त्या शेवटच्या एक-दोन पाण्यांत आहे.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरा सांगते व गॅझेटियरही तेच नोंदवते. इंग्रजी अमदानीतील नोंदीनुसार त्याचा परीघ १७ मैल व क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मैल होते. आकडे मोठे असले, तरी खरी करामत पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, जागेत आहे. टेकड्यांनी तीन बाजू आधीच अडवलेल्या होत्या. कोलूने उरलेल्या खिंडी तेवढ्या माती-दगडाने बुजवल्या. थोड्या भरावात अफाट पाणी कोठे अडेल, हे नकाशा व दुर्बिणीवाचून ओळखणारी नजर त्या माणसाकडे होती. लोकांनी त्याला कोलासुर म्हणून देव केले. भोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. पाळ बांधायला त्यांनी कोलूला हात दिला, अशी कथा आहे. भौगोलिक दृष्ट्याही ती खोटी म्हणता येत नाही.

या भागातल्या जुन्या तलावांतून पाणी सोडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पाळीला लागून आतल्या अंगाला एक उभे बांधकाम असते, त्याला तुडुम म्हणतात. त्यात वरपासून खालपर्यंत भोके व प्रत्येकाला लाकडी गुडदी, म्हणजे बूच. तलाव भरलेला असताना वरची गुडदी काढायची, पाणी उतरेल तशी खालची. त्यामुळे पाण्याचा पूर्ण दाब एकाच तोंडावर कधी येत नाही व एकटा माणूसही ते काम करू शकतो. जास्तीचे पाणी सांडीवरून पुढच्या बोडीत (लहान तलावात), तेथून तिच्याखालच्या धानाच्या बांध्यांत उतरते.

तलाव बांधण्यात व ऊस पिकवण्यात कोलूच्या कोहळी जातीचा हातखंडा होता. गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, ही त्यांच्यात चालत आलेली आख्यायिका १९१६ साली रसेल व हिरालाल यांच्या जातिजमातींवरील ग्रंथात छापली गेली. तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा सौदा असल्यामुळे पाटलाला खर्च परवडे. पुढे इंग्रजांनी जमाबंदीत पाटलांना मालगुजार, म्हणजे सारा भरणारे गावमालक, केले आणि पाणीवाटपाच्या रूढी गावोगावच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रूढींच्या नोंदपत्रात, लिहून घेतल्या. मालगुजारी नष्ट करणारा, तेव्हा हा भाग ज्यात होता त्या मध्य प्रदेशचा कायदा १९५० मध्ये झाला. तलाव सरकारजमा झाले. न्याय म्हणून हा बदल योग्यच होता. मात्र दरवर्षी पाळीवर माती टाकायला गाव लोटणारा मालगुजार गेला आणि ते काम नेमके कोणाचे, हे पुढे कित्येक वर्षे ठरले नाही. आज या तलावांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात.

परिसरात कोहळ्यांखेरीज गोंड, हलबा, कुणबी, बौद्ध व ढिवर यांची वस्ती आहे. तलावाचा इतिहास बहुधा कोहळ्यांच्या नावे लिहिला जातो. पाण्याच्या आतले ज्ञान मात्र ढिवरांचे. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोणती वनस्पती बदकांना हवी, हे त्यांना ठाऊक असते. मासेमारीबरोबर शिंगाड्याचे पीकही तेच घेतात. सहकारी संस्थांच्या काळात रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले, काठांवर बेशरम नावाची वनस्पती माजली आणि देशी मासे व पाणवनस्पती हटत गेल्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवरांच्या सोबतीने काही तलावांत स्थानिक वनस्पती पुन्हा लावण्याचे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने केले आहे.

बोली झाडी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा पाहुणे व दुकाने, रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या कंपनीचे नाटक, तेही पहाटेपर्यंत. धान कापून झालेल्या बांधीत मंडप पडतो व लग्नाची बोलणीही तेथेच होतात. याच तालुक्यात प्रतापगड-गोठणगाव येथे १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिमालयाच्या पलीकडचे लोक येथे धान पिकवायला शिकले.

तलावामागचे १३३.८८ चौ. किमी. जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. हिवाळ्यात तलावावर बदके व इतर स्थलांतरी पक्षी उतरतात. पूर्वी येथे सारसही होते. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली येथे नोकरीस होते आणि गावचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांचे पक्षिज्ञानातले सोबती. मराठी वाचकाला नवेगाव माहीत झाले ते मुख्यतः चितमपल्लींच्या लेखनातून, त्यामुळे त्याच्या मनातल्या नवेगावात पक्षी अधिक व शेतकरी कमी.

२०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, कोका इत्यादी पाच क्षेत्रे मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. जंगलातील कवलेवाडा, कालीमाती व झनकारगोंदी या गावांचे सौंदडजवळ श्रीरामपूर येथे पुनर्वसन झाले आहे. काठावरच्या गावांना मोह व तेंदूपानांसाठी आजही याच जंगलात जावे लागते. मोहफुलांचा हंगाम मार्च-एप्रिलचा. त्याच दिवसांत पाणी आटत आलेले असते आणि जनावरेही काठाकडे सरकतात.