लोखंडी नांगर, काळी माती आणि मराठी मासिक

मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना 'किर्लोस्कर' मासिकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने ते निघाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्याला मिळाली. संपादक शंकरराव किर्लोस्कर यांचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मात्र ही मासिके ज्या गावातून निघत, ते गाव नांगर ओतणाऱ्या एका कारखान्याभोवती वसलेले होते, ही गोष्ट बहुधा तळटिपेत जाते. त्या कारखान्याचे संस्थापक लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांचे स्मरण या लेखात करायचे आहे, आणि ते वऱ्हाडच्या बाजूने करायचे आहे. नांगराचे मोल ज्याच्या शेतात तो चालतो त्याच्याकडून समजून घेतलेले बरे.

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव खंडेश्वराच्या जुन्या हेमाडपंती शिवालयासाठी ओळखले जाते. भोवतालचा मुलूख काळ्या मातीचा. या मातीत शेतकऱ्याचे रोजचे अवजार नांगर नव्हे, तर वखर. वखराच्या लोखंडी पाशीने वरचा थर मोकळा करायचा, तण कापायचे आणि पावसाची वाट पाहायची, ही कपाशीच्या शेतीची पिढ्यानपिढ्यांची रीत. नांगरट दरवर्षी होत नसे. पण कुंदा आणि हरळी या तणांनी शेत धरले की वखर हतबल होई. त्यांची मुळे खोल जातात. वरून कापली तरी पुन्हा फुटतात. अशा वेळी माती खोलवर उकरून उलटी करणारा नांगर हवा असे, आणि लाकडी नांगर माती चिरतो, उलटत नाही. लोखंडी नांगराची गरज वऱ्हाडच्या शेतात अशी प्रत्यक्ष होती.

यंत्र मात्र वऱ्हाडात त्यापूर्वीच आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ साली नागपूरला पोहोचलेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडूनच गेला. १८७० साली खामगावची शाखा सुरू झाली. पाठोपाठ सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस आले. या साऱ्या यंत्रांची दिशा एकच होती: शेतातला कापूस लवकरात लवकर बंदराकडे नेणे. कापूस पिकवणाऱ्याच्या हातातले अवजार आजोबाच्या वेळचेच राहिले. लक्ष्मणरावांच्या कामाचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. त्यांनी यंत्राचे तोंड शेताकडे वळवले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. 'संगीत शाकुंतल'कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. मुलाला चित्रकार व्हायचे होते. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पण काही रंगांतला भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही हे लवकरच उघड झाले, आणि रंग सोडून त्याने रेषा धरली. यांत्रिक रेखाटन शिकून तो व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. यंत्रशाळेत हाताने काम करता करता यंत्रविद्या आत्मसात केलेल्या या माणसापाशी अभियंत्याची पदवी नव्हती. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी १८८८ पासूनच सायकलींचे दुकान चालवले होते. त्याच गावात आता छोटा कारखाना उभा राहिला. तिथे कडबा कापण्याची यंत्रे झाली आणि मग लोखंडी नांगर.

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते असा शेतकऱ्यांचा समज होता, असे कारण नेहमी सांगितले जाते, आणि बहुतेक चरित्रपर लेखन अडाणी शेतकरी व दूरदृष्टीचा उद्योजक अशी जोडी उभी करून पुढे सरकते. इथे थोडे थांबायला हवे. लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच असे, वखराची पासही लोखंडाचीच. लोखंडाचा मातीला होणारा स्पर्श शेतकऱ्याला परका नव्हता. परका होता तो व्यवहार. लाकडी नांगर गावचा वाढई घडवी, फाळ लोहार शेवटून देई, आणि दोघांचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने चुकता होई. कारखान्याचा नांगर रोख पैशाने घ्यायचा. मोडला तर त्याचा भाग दूरच्या कुठल्याशा गावाहून मागवायचा. ओढायला बैलांच्या जास्त जोड्या जुंपायच्या. ऐन हंगामात तो मोडून पडला तर एका पिकाचे वर्ष पणाला लागणार. विषाचा समज खरा असेलही, पण त्या शब्दामागे हा सगळा हिशेब दडलेला असावा असे मला वाटते.

लक्ष्मणरावांचे मोठेपण असे की त्यांनी या नकाराचा राग धरला नाही. लोखंडी नांगर ही मूळ कल्पना त्यांची नव्हती; विलायती नांगर देशात येतच होते. येथील माती, येथील बैल आणि येथील शेतकऱ्याची ऐपत यांना मानवेल असा नांगर येथेच ओतणे आणि त्याच्यावर विश्वास बसेपर्यंत टिकून राहणे, हे त्यांचे काम. संशोधक हा शब्द त्यांच्या बाबतीत याच अर्थाने वापरावा लागतो. पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडली.

नांगर खपू लागला तेव्हा बेळगावची जागा सोडावी लागली. नगरपालिकेला तिथे नवी वस्ती करायची होती. या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. ते स्वतः चित्रकार होते. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला ओसाड माळ त्यांनी देऊ केला आणि कर्जाऊ पैसाही दिला. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तिथे आले. सांगली जिल्ह्यातील आजची किर्लोस्करवाडी ती हीच. रेल्वे स्थानकालाही पुढे हेच नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला. नांगरांना मागणी वाढली आणि त्याच वेळी ओतण्यासाठी लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील निकामी झालेल्या जुन्या तोफा या कारखान्याला दिल्या, आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. कोणत्याही कवीला मोह पडावा असा हा प्रसंग आहे. पण लक्ष्मणरावांच्या दृष्टीने ती कच्च्या मालाची सोय होती, आणि तसेच ते समजावे. १९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली.

कारखानदाराची नागरी जाणीव त्याने दिलेल्या देणग्यांवरून मोजण्याची आपल्याकडे सवय आहे. किर्लोस्करवाडीत ती जाणीव वस्तीच्या रचनेत होती. कामगारांना घरे, मुलांना शाळा, वस्तीला पाणी, टपाल आणि दवाखाना. आणि या सगळ्यांपेक्षा कठीण अशी एक गोष्ट, अस्पृश्यता न पाळण्याचा नियम. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील खेड्यात हा नियम अमलात आणणे म्हणजे आपल्याच माणसांची नाराजी पत्करणे होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी काम दिले, आणि तेही राखणदाराचे. याच औंध संस्थानात १९३९ साली स्वतंत्रपूरची खुली वसाहत कैद्यांसाठी उभी राहिली. तिच्यावरून पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट सुचला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. विश्वास टाकून माणूस बदलतो ही कल्पना त्या मुलखात किर्लोस्करवाडीने आधीच वापरून पाहिली होती.

आता मासिकाकडे वळू. नांगर विकायचा तर तो समजावून सांगावा लागतो. तो कसा जुंपायचा, किती खोल घालायचा, त्याने काय साधेल, हे संशयी गिऱ्हाइकाला पटेल अशा साध्या, चित्रांच्या जोडीने जाणाऱ्या भाषेत लिहावे लागते. जाहिरातीचे काम पाहणारे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हेही चित्रकार होते. त्यांनी 'खबर' काढली ती कारखान्याचे मुखपत्र म्हणून. तिथून ती उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा आणि कथा यांचे मासिक होत गेली. वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले. 'गोट्या'चे जनक ना. धों. ताम्हनकर याच वाडीत नोकरीला होते. अलंकाराचा सोस नसलेले, मुद्दा पटवून देण्याची घाई असलेले, वाचकाला काहीतरी कर म्हणणारे जे गद्य या मासिकाने रुळवले, त्याचे मूळ त्या समजावून सांगण्याच्या गरजेत असावे. मराठी गद्याचा इतिहास शाळा, वृत्तपत्र आणि व्यासपीठ यांच्या आधारे सांगितला जातो. त्यात कारखान्याच्या माहितीपत्रकालाही जागा हवी.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. मासिक जसजसे वाढले तसतसा त्याचा वाचक शहरातला, शिकलेला मध्यमवर्ग झाला. नांगर ज्याने घेतला तो शेतकरी गिऱ्हाईक राहिला. लेखक तर नाहीच, पण वाचकही क्वचितच झाला. वऱ्हाडातल्या कष्टकरी घराचे जगणे वऱ्हाडी बोलीसह मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी यायला उद्धव शेळके यांच्या 'धग'ची, म्हणजे १९६० सालाची वाट पाहावी लागली. कारखान्याने शेताकडे तोंड वळवले, मासिकाने हळूहळू पाठ फिरवली. हा दोष लक्ष्मणरावांचा नव्हे. शेतकऱ्याच्या हाती नांगर देणे एका उद्योजकाला साधले. त्याच्या हाती लेखणी देणे हे दुसऱ्या प्रकारचे काम होते.

ते काम ज्यांनी हाती घेतले त्यांपैकी एक नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलेच. पापळ येथे १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेची वाट मोकळी केली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले तेव्हा देशाचे कृषिमंत्री पंजाबराव होते. या दोघांची नावे एकत्र घेतली जात नाहीत. एक उद्योगाच्या पुस्तकात, दुसरे शिक्षणाच्या. योगायोग असा की १९६९ साली लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले, आणि त्याच वर्षी अकोल्याला पंजाबरावांच्या नावाचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

आज काळ्या रानात ट्रॅक्टर फिरतात, कपाशीशेजारी सोयाबीन उभे असते, आणि बैलजोडी बाळगणे अनेकांना परवडत नाही. पण दोन वर्षे न विकलेल्या त्या नांगराने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. नवे बियाणे, नवे औषध, नवे यंत्र घेताना शेतकरी आजही कचरतो. आणि त्याच्या कचरण्यातला हिशेब ऐकून घेण्याऐवजी त्याला अडाणी ठरवणे आजही सोपे जाते. लक्ष्मणराव तो नकार ऐकून घेत राहिले आणि नांगर सुधारत राहिले. त्यांचे चरित्र साहित्याच्या वर्गात वाचले जावे ते यासाठी. समोरच्याला आपले म्हणणे का पटत नाही, हे त्याच्या जागी जाऊन समजून घेणे ही लेखकाचीही पहिली अट असते.