रॉड्रिग्ज वटवाघूळ व चक्रीवादळे

मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे 560 किमी. अंतरावरील रॉड्रिग्ज बेटावर आढळणारे फलाहारी वटवाघूळ. शास्त्रीय नाव टेरोपस रॉड्रिसेन्सिस. जी. ई. डॉब्सन यांनी 1878 मध्ये या जातीचे वर्णन केले. लव सोनेरी-तपकिरी. बेटावर उरलेला हा एकमेव मूळचा सस्तन प्राणी. बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम 110 चौ. किमी. असल्याने वादळ येते ते संपूर्ण जातीवरच. नैसर्गिक अधिवासात तिचा दुसरा कळप कोठेही नाही.

परिणाम : काही वटवाघळे वाऱ्याच्या माराने किंवा समुद्रावर फेकली जाऊन मरतात. त्यापेक्षा नंतरची उपासमार अधिक घातक असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. फुले, फळे, पाने एका रात्रीत झडतात. चिंच, आंबा पुन्हा फळायला महिने लागतात. मादीला एका विणीत बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे तूट सावकाश भरते. दाट झाडी असलेल्या खोल दऱ्यांत वाऱ्याचा जोर कमी लागतो आणि काही अन्नही टिकते. वटवाघळांची मुख्य वस्ती अशाच दरीत आहे. म्हणून जंगलतोडीने उघडे पडलेले बेट आणि वादळ ही दोन वेगळी संकटे समजू नयेत.

गणना : वस्तीच्या झाडांवरून संध्याकाळी उडणारी वटवाघळे मोजली जात असल्याने या जातीच्या नोंदी इतर बेटांच्या तुलनेने चांगल्या आहेत. 1970 नंतरच्या दशकात संख्या शंभराच्या आसपास आली होती. 1979 च्या सेलीन चक्रीवादळात ती सुमारे 150 वरून निम्म्यावर घसरली. त्यानंतर वाढ झाली. 2003 च्या कालुंडे वादळात सुमारे 5,000 पैकी हजारभर वटवाघळे कमी झाली. 2016 च्या सुमारास संख्या 20,000 च्या घरात पोचली. मोठा कळप धक्का पचवतो, हे या आकड्यांवरून दिसते.

संवर्धन : जेरल्ड डरेल यांनी 1976 मध्ये काही वटवाघळे जर्सी येथे नेऊन बंदिस्त प्रजनन सुरू केले. बेटावर ग्रांद मोंतान्य व आंस कितोर येथे देशी वृक्षांची लागवड चालू आहे.

इतर बेटे : सामोआत 1990 (ओफा) व 1991 (व्हॅल) च्या वादळांनंतर टेरोपस टोंगानस या जातीची मोठी घट झाली, शिकारीनेही तीत भर घातली.

2017 मध्ये रॉड्रिग्ज वटवाघूळ ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आले. पिंजऱ्यातील कळप हा केवळ विमा आहे; जातीचा खरा आधार दरीतली झाडेच आहेत.