ब्लॉकचेनवरचा दाखला : ठसा साखळीत, पण कागद कुठं?

सिल्वासा : दादरा व नगर हवेलीतल्या लोकांची सोयरीक जव्हार-मोखाड्यापासून धरमपूर-कपराड्यापर्यंत पसरलेली आहे. इथली निम्म्याहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जमातींची. त्यामुळं इथला दाखला महाराष्ट्रात नाहीतर गुजरातेत दाखवायची वेळ येतेच. तो खरा की खोटा, हे तिथल्या कारकुनाला इथल्या कार्यालयाला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि पत्राचं उत्तर येईस्तोवर प्रवेशाची मुदत संपून जाऊ शकते. यावर इलाज म्हणून हल्ली ब्लॉकचेनचं नाव घेतलं जातं.

मराठी मुलखात त्याचं उदाहरण गडचिरोलीचं. २०२२ मध्ये एटापल्लीत जातीचे ६५ हजार दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारे देण्याचं काम हाती घेण्यात आलं. त्याआधी राज्याच्या कौशल्य विकास मंडळाच्या प्रमाणपत्रांसाठी इथेरियम वापरलं गेलं होतं.

ब्लॉकचेन म्हणजे एक प्रकारची खातेवहीच. मागच्या पानाची बेरीज पुढच्या पानावर नेतात, तसा प्रत्येक नव्या ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा ठसा असतो. मागं एक अक्षर बदललं तरी पुढचं सगळं चुकतं. शिवाय वही एकाच कपाटात नसते. पूर्ण नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संगणकावर तिची अख्खी प्रत असते. विश्वास बसतो तो यामुळंच, आणि अडचणही इथंच सुरू होते.

साधा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९. माणशी पाच कागद धरले तर सुमारे १७ लाख कागद. एक पीडीएफ २०० केबीची धरली तर ३४४ जीबी. एका कार्यालयाला हे काहीच नाही, बाजारातल्या एका हार्ड डिस्कवर मावतं. पण साखळीत हजार संगणक असतील तर तेच ३४४ जीबी हजार ठिकाणी ठेवावं लागेल, आणि दरवर्षी वाढत जाईल. बिटकॉइनची वही २००९ पासून लिहिली जातेय. तिच्यात फक्त व्यवहार आहेत, तरी ती ५०० जीबीच्या पुढं गेली आहे.

वेगाचंही तसंच. बिटकॉइनवर सेकंदाला जास्तीत जास्त सातेक व्यवहार बसतात. त्या वेगानं हवेलीचे १७ लाख कागद एकेक करून नोंदवायला जवळपास तीन दिवस लागतील, तेही बाकी जगानं हात आवरला तर. महाराष्ट्राच्या ११.२४ कोटी लोकांचे कागद घेतले तर अडीच वर्षं.

म्हणून शहाणी योजना कागद साखळीत घालतच नाही, त्याचा ठसा घालते. ठसा म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला आकडा. प्रचलित पद्धतीत तो ३२ बाइटचा असतो, फाइल केवढीही असो. मग १७ लाख कागदांचे ठसे ५५ एमबीत बसतात. त्याहून पुढची युक्ती राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडली : ठशांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीचा एक ठसा काढायचा, पुन्हा जोड्या लावायच्या, शेवटी एकच उरतो. साखळीत तेवढाच लिहायचा. ६५ हजार दाखल्यांपैकी एखादा खरा आहे हे सिद्ध करायला मग सोबतचे अवघे १६ ठसे पुरतात.

जागेचा प्रश्न सुटला, असं वाटतं. तो फक्त दुसरीकडं सरकला. मूळ कागद आता कुठल्यातरी सर्व्हरवर आहे, आणि ते सर्व्हर सांभाळण्याचं बिल कुणीतरी दरवर्षी भरायला हवं. फाइल हरवली तर उरलेल्या ठशावरून कागद परत तयार होत नाही. साखळ्याही कायमच्या नसतात. पॉलिगॉनच्या चाचणी साखळीचं नाव ‘मुंबई’ होतं. एप्रिल २०२४ मध्ये ती बंद झाली. चाचणीचीच होती म्हणून नुकसान नाही, पण सरकारी कागदाचं आयुष्य यापेक्षा लांब असतं.

किती लांब, ते हवेलीला सांगायला नको. पोर्तुगीज काळात दिलेल्या अल्वारा जमिनींचे हक्क जिल्हाधिकाऱ्यांनी १९७४ मध्ये रद्द केले. त्यावरचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायला २०२५ उजाडलं. आणि त्यातला मुख्य वाद जमीन कसली की नाही, अटी पाळल्या की नाही, याचा होता. कागद बदललेला नाही एवढंच ब्लॉकचेन सांगते. त्यात लिहिलेलं खरं होतं का, हे नाही.

केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ हा ब्लॉकचेन मंच सुरू केला. त्याची यंत्रणा भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या सरकारी डेटा सेंटरांत आहे. मोजकेच ओळखीचे संगणक असले की वेग वाढतो, जागा कमी लागते. मात्र सगळ्या प्रती सरकारच्याच हातात राहतात, म्हणजे ‘कुणा एकाच्या ताब्यात नाही’ हा मूळ दावा तेवढा पातळ होतो. दाखल्यांसाठी तो सौदा बहुधा चालण्यासारखा आहे.

असा दाखला मिळाला तर मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी. फाइलचा ठसा जुळवणाऱ्या पद्धतीत व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो किंवा स्क्रीनशॉट चालत नाही; अक्षरं तीच दिसली तरी फाइल बदललेली असते, आणि पडताळणीत दाखला ‘जुळत नाही’ असंच येतं.