हंगामापलीकडचे काम : वऱ्हाडातील नोकरीच्या शोधाचा इतिहास

वऱ्हाडात पगारी नोकरीला जे मोल आले आणि तिच्यासाठी पुढे जी झुंबड उडाली, तिचा इतिहास कापसाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. आजच्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या जिल्ह्यांचा हा प्रदेश निजामाने १८५३च्या तहान्वये, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. १९०२ मध्ये तो इंग्रज सरकारकडे कायमच्या पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. या पन्नास वर्षांत येथील पीक आणि बाजार तर बदललेच, पण गावातल्या गावात कामाची जी वाटणी होती तीही पार बदलून गेली. कापूस वऱ्हाडात पिकला, मात्र त्याची गठाण बांधून झाल्यानंतरचे बहुतेक काम मुंबईला आणि मँचेस्टरला गेले. मागे उरले ते हंगामी काम. बारमाही काम कचेरी, शाळा आणि कोर्ट एवढ्यापुरतेच राहिले, आणि त्या अरुंद दाराशी आजतागायत दिसणारी गर्दी तेव्हापासूनच जमू लागली.

ही वाटणी आपोआप झाली नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेरा ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तर कापसाच्या दोन मोठ्या पेठा असलेल्या खामगाव आणि अमरावती यांना स्वतंत्र फाटे जोडण्यात आले. याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांसाठी नेमलेला कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने आपल्या लिखाणात उघडपणे असा हिशेब मांडला की, रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आत आले म्हणजे देशी विणकराचा धंदा बसेल, मोकळे झालेले हात शेतीकडे वळतील आणि निर्यातीसाठी अधिक कापूस मिळेल. एका प्रदेशातील कारागिरांचे काम जाणे ही गोष्ट राज्यकर्त्याच्या कागदावर लाभाच्या रकान्यात मांडली गेली होती, हे वऱ्हाडच्या बेकारीचा विचार करताना नजरेआड होता कामा नये. सूत कातणाऱ्या बायका, कोष्टी आणि रंगारी यांची घरे हळूहळू शेतमजुरांच्या यादीत आली.

बदल्यात जे यंत्रकाम आले ते जिनांचे. जिन म्हणजे कापसातील सरकी वेगळी काढून रुई मोकळी करणारे यंत्र. रुई दाबून तिची गठाण बांधणारा कारखाना म्हणजे प्रेस. अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर या गावांच्या कडेला पत्र्याच्या उंच छपरांचे हे कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. आत यंत्रांच्या रांगा असत. प्रत्येक यंत्रापाशी बहुधा एक बाई उभी राहून हाताने कापूस रुळावर सरकवी, रुई पुढे पडे, सरकी खाली गळे आणि हवेतला तंतू केसांवर, पापण्यांवर आणि छातीत बसत राही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होणारे हे काम होळीच्या आसपास आटोपे, मग भट्टी विझे आणि फाटकाला कुलूप लागे. वर्षातून चार महिनेही न चालणारे हंगामी कारखाने १९११च्या कारखाना कायद्यापर्यंत कायद्याच्या कक्षेबाहेरच होते. आणि त्या कायद्याने बायकांना रात्रपाळीची मनाई केली तरी जिन-प्रेसना तीतून सूट दिली. कापूस चार महिन्यांत उरकायचा असल्याने दिवसाचे तास लांबत आणि उरलेले आठ महिने त्याच बायका निंदण, खुरपण आणि पेरणीच्या मजुरीवर अवलंबून राहत.

शेतीतही कायमचे म्हणता येईल असे एकच काम होते, ते सालदाराचे. सालदार म्हणजे एका मालकाकडे वर्षभरासाठी बांधलेला गडी. त्याचे साल गुढीपाडव्याला ठरे, मोबदला काही रोख आणि काही ज्वारीच्या रूपात मिळे, आणि घरच्या अडीनडीला उचल घेतली की पुढचे साल आधीच गहाण पडे. तरीही वर्षाची भाकर निश्चित करणारा म्हणून सालदार रोजंदारीच्या मजुरापेक्षा वरचा मानला जाई, आणि ही समजूत महत्त्वाची आहे. कारण कामाची खात्री मजुरीच्या दरापेक्षा मोठी, हा हिशेब वऱ्हाडच्या मनात नोकरीच्या आधीपासून रुजलेला होता. मेळघाटातील कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर मैदानी तालुक्यांत कापणी-वेचणीसाठी उतरत आणि होळीला परत डोंगर चढत, आणि तो क्रम अजूनही पुरता थांबलेला नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथे भूजल खारे असल्याने विहिरीवर ओलीत करता येत नाही अशा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील भागात, दुसरे पीकच नसल्याने कामाचा हंगाम आणखी आखूड झाला.

कचेरीतले काम याच्या अगदी उलट होते. पगार दरमहा, उन्हाळ्यातही, आणि शेवटी पेन्शन. परंतु इंग्रजी कारभार सुरू झाला तेव्हा जमाबंदीची मुंबई इलाख्यातील पद्धत येथे आणली गेली आणि ती राबवण्यासाठी लागणारे लिहितेवाचते कारकूनही बव्हंशी बाहेरून आले. स्थानिक कुणबी, माळी, बारी, महार समाजांतील मुलांना त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी शाळा हवी होती. ज्यांच्याकडे शिक्षण होते त्यांनाही वरच्या जागा थोड्याच मिळत. गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांनी १८८५ ते १८९० या काळात वऱ्हाडात मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी चाकरी केली आणि मग ती सोडून अमरावतीत वकिली सुरू केली. रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी आणि खापर्डे या वकिलांच्या पिढीने अमरावतीला जे राजकीय वजन मिळवून दिले, त्याच बळावर १८९७चे काँग्रेस अधिवेशन सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली या शहरात भरले. सुशिक्षितांपुढची वाट किती आखूड होती हेही या पिढीच्या चरित्रांतून दिसते: सरकारी चाकरी, नाहीतर वकिली.

मुधोळकरांचे वेगळेपण असे की त्यांनी हा तिढा नोकरीच्या जागा वाढवून सुटेल असे मानले नाही. रमेशचंद्र दत्त यांच्या अध्यक्षतेखाली १९०५ मध्ये बनारसला पहिली भारतीय औद्योगिक परिषद भरली. तिचे चिटणीसपद मुधोळकरांकडे आले आणि परिषदेची कचेरी अमरावतीत राहिली. देशात कोठे कोणता कारखाना आहे आणि कोणत्या संस्थेत कोणती कारागिरी शिकवतात, याची माहिती गोळा करून छापण्याचे काम या कचेरीने केले. पदवीधराला कारकुनीखेरीज दुसरे दार दाखवायचे तर आधी त्या दारांची नोंद हवी, ही दृष्टी त्या कामामागे होती आणि ती काळाच्या पुढची होती. दुर्दैवाने ज्या गावातून ही नोंद निघाली त्याच्या आसपास जिन-प्रेस आणि मोजक्या सूतगिरण्या यांपलीकडे फारसे काही उभे राहिले नाही.

शाळेचे दार रुंद करण्याचे श्रेय मात्र निःसंशय डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे जाते. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात १८९८ मध्ये जन्मलेल्या, विलायतेतून बॅरिस्टर होऊन आणि डॉक्टरेट मिळवून परतलेल्या पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना एका छपराखाली ठेवले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. या संस्थेच्या हायस्कुलांनी आणि महाविद्यालयांनी शेतकऱ्याच्या मुलाला मॅट्रिक आणि पदवीपर्यंत नेले, आणि दुसरी एक गोष्ट केली जिच्याकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही: खेड्यापाड्यांत शिक्षकाची, लिपिकाची, शिपायाची बारमाही जागा निर्माण केली. पुढे अनेक दशके वऱ्हाडच्या तालुक्यांत शाळा हाच सर्वांत मोठा पगारी कारखाना होता.

स्वातंत्र्यानंतर नोकरीचा प्रश्न राज्यरचनेच्या वाटाघाटीत शिरला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. १९५६च्या पुनर्रचनेत वऱ्हाडासह विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि सचिवालय पाचशे मैलांवर मुंबईला सरकले. सचिवालयाबरोबर नोकऱ्याही दुरावतील ही धास्ती आधीपासूनच असल्याने २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात, म्हणजे विविध विभागांतील मराठी पुढाऱ्यांनी संयुक्त राज्यासाठी केलेल्या समझोत्यात, शासकीय सेवांमध्ये विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे कलम घातले गेले. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नेही तंत्रशिक्षण, व्यावसायिक प्रशिक्षण आणि राज्य सेवेतील रोजगाराच्या पुरेशा संधी यांचा उल्लेख केला. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने पुढील वर्षी अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मानाने एखाद्या विभागात राहून गेलेली विकासाची उणीव, मोजला, तेव्हा तो एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपये आणि त्यात विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी रुपये निघाला. ही मोजणी रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य, शिक्षण अशा बाबींची होती. करारातील नोकरीच्या वाट्याचे मोजमाप तीत नव्हते, आणि ज्या कलमाने सामान्य वऱ्हाडी घराला करार आपला वाटला तेच असे मोजणीबाहेर राहिले.

दरम्यान जी थोडी गिरणीकामाची सोय होती तीही ढासळत गेली. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता गिरण्या आणि अचलपूरची विदर्भ मिल या आजारी ठरून १९७४च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाल्या, काही वर्षे सरकारी आधाराने चालल्या आणि अखेर बंद पडल्या. गिरणीतला कायम कामगार हा वऱ्हाडातील पहिला असा माणूस होता ज्याला शाळा न शिकता दरमहा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी मिळत होता, म्हणून या बंदीचा घाव केवळ कामगारांच्या संख्येवरून मोजता येत नाही. बारमाही कामाची ती वाटच त्या पिढीनंतर बुजली.

सत्तरच्या दशकात सरकारने दोन मोठे प्रयत्न केले. पहिला कापूस एकाधिकार खरेदीचा, ज्यात १९७२च्या हंगामापासून राज्यातील सारा कापूस शासनाने ठरवलेल्या भावाने घ्यायचा होता; त्यामुळे खरेदी केंद्रांवर ग्रेडर, मापाडी, हमाल, लेखनिक अशा हातांना काम मिळाले, पण तेही पुष्कळसे हंगामी, आणि शेतकऱ्याला चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, मिळण्यास जसा उशीर होई तशी गावातली मजुरीही अडून राही. दुसरा रोजगार हमी योजनेचा. १९७२च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि वि. स. पागे यांच्या आग्रहाने कायद्यात उतरलेल्या या योजनेने २६ जानेवारी १९७९ पासून ग्रामीण प्रौढाला काम मागण्याचा हक्क दिला आणि त्यासाठीचा पैसा शहरी पगारदारांवरील व्यवसाय कर वगैरे करांतून उभा केला. काम मागणे हा हक्क आहे असे मानणारा हा कायदा महाराष्ट्राने देशाला दिलेली फार मोठी देणगी आहे. मात्र त्यातले काम मातीचे आणि खडीचे होते. शिवाजी संस्थेच्या शाळेतून बारावी होऊन निघालेल्या मुलाचा प्रश्न त्याने सुटणार नव्हता.

त्या मुलासाठी सेवायोजन कार्यालय होते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यालयांना १९५९च्या कायद्याने रिक्त जागा कळवणे मालकांवर बंधनकारक झाले, आणि अमरावती-अकोल्याच्या घरांत एम्प्लॉयमेंटचे कार्ड शाळेच्या दाखल्याबरोबर जपून ठेवले जाऊ लागले. नावनोंदणीच्या ज्येष्ठतेने मुलाखतीचे पत्र येई आणि कार्डाचे नूतनीकरण चुकले तर ज्येष्ठता जाई. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडली. शेगावचे आणि बडनेऱ्याचे महाविद्यालय त्याच वर्षीचे. पदव्या वाढल्या, त्यांना साजेसे कारखाने आले नाहीत, आणि अभियंता पुण्याला गेला. मागे राहिलेल्यांनी डी.एड. केले. २००० पासून शिक्षण सेवक या नावाने तीन वर्षे मानधनावर राबण्याची अट आली, २०१२ मध्ये शिक्षक भरतीच थांबली, आणि ज्या शाळांनी वऱ्हाडला पगार दिला होता त्यांचेही दार जवळजवळ मिटले. २०२३ मध्ये राज्यात तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. जमाबंदीच्या दप्तरातील सर्वांत खालची ही जागा. ज्या कारकुनीसाठी १८५३ नंतर माणसे बाहेरून आणावी लागली, तिच्यासाठी आता पदवीधर आणि अभियंतेही अमरावतीच्या अभ्यासिकांत रात्री जागवतात.

बंद पडलेल्या विदर्भ मिलच्या अचलपुरात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईची फिनले मिल आणून सुरू केली होती. तिचे उत्पादन मार्च २०२० मधील टाळेबंदीत थांबले. २०२३ मध्ये अमरावतीसाठी जाहीर झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. नांदगाव पेठ परिसरातील या उद्यानात सूत, कापड, रंगाई आणि कपडे ही सर्व कामे एका जागी करण्याची योजना आहे, म्हणजेच जी कामे दीडशे वर्षांपूर्वी गठाणीबरोबर वऱ्हाडबाहेर गेली ती परत आणण्याची. तेथे लागणाऱ्या हातांपैकी किती जणांना बारा महिन्यांचा पगार मिळेल आणि किती जणांना कंत्राटदाराचा हंगामी रोज, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवणे प्रशासनाला अवघड नाही, आणि ती ठेवली गेली पाहिजे.