योगशिक्षक : एका नव्या धंद्याची शंभर वर्षे

योगशास्त्राचे तत्त्वज्ञान उलगडून सांगणारे अधिकारी वक्ते वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना नवीन नाहीत. पतंजलीच्या सूत्रांवर किंवा ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, आणि तसा आव आम्ही आणणार नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शिक्षण म्हणाल तर सार्वजनिक वाचनालयात जे पदरात पडले तेवढेच. त्यामुळे कोणतीही विद्या समोर आली, की ती शिकवणारा मनुष्य कोण, तो कोठे शिकला, ‘तू आता शिकव’ असे त्याला कोणी सांगितले आणि महिनाअखेर त्याच्या हातात काय पडते, हे प्रश्न आम्हाला आधी सुचतात. योगाच्या बाबतीत हे प्रश्न फारसे कोणी विचारलेले नाहीत. म्हणून ते आज विचारावयाचे आहेत.

योग फार जुना खरा. परंतु ठरलेल्या मुदतीत शिकून, परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन वर्ग चालवणारा योगशिक्षक हा पुरता शंभर-सव्वाशे वर्षांचाही नाही. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत साधकाने एकांतात, लहानशा मठीत राहून अभ्यास करावा आणि ही विद्या गुप्त ठेवावी असा दंडक आहे. जी विद्या झाकून ठेवावयाची तिचा वर्ग भरणार कसा आणि तिचे शिक्षक तयार होणार कसे? हा दंडक मोडणारी दोन माणसे एकाच गुरूच्या हाताखाली तयार झाली, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास हे ते गुरू. एक शिष्य मणिभाई हरिभाई देसाई, म्हणजे पुढचे श्रीयोगेंद्र. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद.

योगेंद्रांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी मुंबईत वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात ‘योग इन्स्टिट्यूट’ काढली. पुढे ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्क राज्यात काही काळ संस्था चालवली आणि १९२४ च्या सुमारास परतले. ते संन्यासी झाले नाहीत, त्यांनी प्रपंच केला. आजच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण योगी म्हटला की दाढी आणि कफनी अशी समजूत असलेल्या त्या काळात संसारी माणसाने संसारी माणसांना योग शिकवणे हे धाडस होते. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. आज कोणत्याही गावच्या सोसायटीतला सकाळचा योगवर्ग पाहा; शिकवणारी बहुधा बाईच असते. त्या बाईंची आद्य वडीलधारी म्हणून सीतादेवींचे नाव घेतले जावे, ते घेतले जात नाही.

कुवलयानंदांची हकीकत आम्हाला अधिक जवळची वाटते, कारण ते मुळात शाळामास्तर. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावले आणि मग खानदेशात अमळनेरला येऊन शिक्षक झाले. अमळनेर म्हटले की आम्हा संघटनावाल्यांना प्रताप मिल आणि साने गुरुजी आठवतात. पण त्याच गावात गुणे मास्तरांनी राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांखाली तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब उतरतो हे त्यांनी दाखवले आणि त्या पोकळीला आपल्या गुरूचे नाव दिले. गुरुभक्ती आणि प्रयोगशाळा यांचा असा संगम विरळा. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. मास्तर असल्यामुळे कुवलयानंदांना ठाऊक होते, की शोध कितीही मोठा असला तरी तो शाळेच्या तासिकेत बसल्याखेरीज लोकांपर्यंत जात नाही. त्यांनी आसनांची सांघिक रचना केली, हुकूम देऊन शंभर मुलांकडून एकदम करवून घेता येईल अशी. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समितीवर काम केले. आणि स्वातंत्र्यानंतर, १९५०-५१ च्या सुमारास, लोणावळ्यातच गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाचे योगमहाविद्यालय सुरू केले. शरीरशास्त्र, मूळ ग्रंथांचे वाचन, प्रत्यक्ष अभ्यास आणि पाठ घेण्याचा सराव, असे सगळे तेथे शिकावे लागे. शिष्य होणे आणि विद्यार्थी होणे यांतला फरक येथे पडला. शिष्याला गुरू ठेवून घेतो किंवा हाकलून देतो, त्यावर दाद नाही. विद्यार्थ्यापाशी निदान अभ्यासक्रम असतो आणि परीक्षेचा निकाल असतो. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले, तोवर हा पाया भरला गेला होता.

दुसरी वाट पुण्यातून गेली. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत कृष्णमाचार्यांपाशी शिकलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून काही महिन्यांसाठी पुण्यास आले आणि पुणेकरच झाले. भाषा येत नाही, पदवी नाही, सायकलवरून घरोघर शिकवण्या कराव्या आणि पुष्कळदा अर्धपोटी राहावे, अशी त्यांची ती वर्षे. योगशिक्षकाच्या धंद्याची ही मूळ स्थिती होती, हे विसरता कामा नये. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची मुंबईत गाठ पडली आणि अय्यंगारांना विलायतेची दारे उघडली.

विलायतेत जे घडले त्याने या धंद्याचे रूप पालटले. लंडन शहराचे शिक्षणखाते प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवीत असे. शिवणकाम, सुतारकाम, परकी भाषा असे काय काय त्यांत शिकवीत. योगाचा वर्ग हवा अशी मागणी आली तेव्हा खात्यापुढे पेच पडला : शिकवणारा लायक आहे हे ओळखावे कसे? १९६९ च्या सुमारास तोड निघाली ती अशी, की शिकवणारा अय्यंगारांनी मान्य केलेला असावा आणि वर्गात व्यायाम शिकवावा, धर्मप्रचार करू नये. म्हणजे योगशिक्षकाला प्रमाणपत्र हवे ही निकड कोणा ऋषीला वाटली नाही, ती नगरपालिकेच्या कारकुनाला वाटली. यात आम्ही उपहास करीत नाही. सार्वजनिक पैशातून पगार द्यावयाचा तर पात्रता पाहिलीच पाहिजे, आणि रोजगार आटोपून आलेल्या साध्या माणसाला थोड्या फीत ही विद्या मिळाली ती त्या कारकुनी काटेकोरपणामुळेच.

त्याच १९६९ साली क्यानडात क्वेबेक प्रांती व्हाल-मोराँ येथल्या आश्रमात स्वामी विष्णुदेवानंदांनी योगशिक्षकांसाठी निवासी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. हे केरळातले, लष्करात नोकरी केलेले, मग हृषीकेशच्या शिवानंदांचे शिष्य झालेले. जग ज्वाळांत होरपळते आहे असे दृश्य त्यांना ध्यानात दिसले आणि त्यांनी ठरवले की जगाला नवे पुढारी हवेत, ज्यांनी आधी स्वतःवर ताबा मिळवला आहे असे. तो वर्ग त्या पुढाऱ्यांसाठी होता! योगशिक्षक आणि पुढारी ही जोडी आज जाहिरातीत दिसते, तिचा एक उगम येथे आहे. स्वामी भाबडे होते असे कोणी म्हणेल; पण १९७१ साली लहानसे रंगीबेरंगी विमान स्वतः चालवीत ते बेलफास्टवर आणि सुएझ कालव्यावर गेले. नेतृत्वाची त्यांची कल्पना निदान जीव धोक्यात घालण्याची होती.

तिसरी घटनाही त्याच वर्षीची, आणि ती आपल्या मुंबईतली. जुलै १९६९ मध्ये सत्यनारायण गोएंका यांनी एका धर्मशाळेत विपश्यनेचे पहिले शिबिर घेतले. त्यांचे गुरू ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल. १९४८ साली देश स्वतंत्र झाल्यावर ते त्या पदावर आले आणि आपल्या कचेरीतच त्यांनी ध्यानाची मंडळी जमवली. ‘सजग नेतृत्व’ म्हणून जे काही आज शिकवले जाते त्याचा खरा नमुना पाहावयाचा तर हा हिशेबखात्याचा साहेब पाहावा. सरकारी खात्यातली लाचलुचपत निपटणारा अशी त्याची ख्याती होती. गोएंकांनी पुढे इगतपुरीस केंद्र उभारले. तेथे शिबिराची फी नाही आणि शिकवणाऱ्याला वेतनही नाही. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना अशा शिबिरासाठी रजेची सवलत दिली. आमच्या मते कामगाराच्या मनःशांतीचा एवढा रोखठोक विचार दुसऱ्या कोणत्याही योजनेत झालेला नाही, कारण तेथे उपदेशाबरोबर वेळही दिला गेला.

वेळेचा हा मुद्दा जरा थांबून पाहू. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी मागण्या मांडल्या : आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार. रविवार मिळण्यास १८९० साल उजाडले. आणि २०२१ साली केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने कचेरीतल्या माणसांसाठी पाच मिनिटांचा योगविराम काढला, तोही खुर्चीपाशीच करावयाचा. पाच मिनिटे वाईट नाहीत, पाठ सैल होते. पण आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात हा विराम सुरू झाला तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीतून कापण्यात आला. कामगारांनी प्राणायाम मनापासून केला आणि संध्याकाळी द्वारसभाही तितक्याच मनापासून घेतली.

सजगतेची आधुनिक शिकवण दवाखान्यातून आली आहे. १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी ज्यांचे दुखणे औषधाने हटत नाही अशा रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग काढला. त्यात बैठक होती तशी आसनेही होती. २००७ साली गूगल कंपनीतल्या चेड-मेंग टॅन या अभियंत्याने तोच धागा कचेरीत नेला, आणि रुग्णाच्या जागी अधिकारी आला. आमच्या चळवळीत पुढारी म्हणजे ज्याला लोक निवडतात आणि न पटल्यास खाली उतरवतात तो. आठवड्याच्या वर्गाने ज्याला पुढारी केले, त्याला खाली कोणी उतरवावयाचे?

असो. शिक्षकाकडे वळू. १९९९ साली अमेरिकेत ‘योग अलायन्स’ ही संस्था निघाली. ती सरकारी नव्हे, खाजगी. तिने शिक्षकांची नोंदवही ठेवली आणि माप ठरवले : दोनशे तास. वरच्या पायरीला पाचशे. हे माप जगभर चालले. हृषीकेशात, धर्मशाळेत, गोव्याच्या किनाऱ्यावर महिनाभराचे दोनशे तासांचे वर्ग निघाले. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी योगदिनाचा ठराव केला, २१ जून २०१५ रोजी पहिला दिन झाला आणि त्याच सुमारास भारत सरकारने योगशिक्षकांच्या प्रमाणपत्राची योजना आखली. तिच्याही पहिल्या पायरीवर तेच दोनशे तास. आठ तासांची पाळी धरली तर या पंचवीस पाळ्या झाल्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर होण्यास दोन वर्षे लागतात, आणि फिटरच्या हाती लोखंड असते. योगशिक्षकाच्या हाती दुसऱ्याचा मणका असतो.

परंतु दोनशे तासांवर हसून भागणार नाही. हे वर्ग इतके वाढले याचे कारण अर्थकारणात आहे. रोजच्या वर्गाच्या फीत जागेचे भाडेही निघत नाही. शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची फी एकरकमी मिळते. म्हणून योगशाळा विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकच अधिक घडवू लागल्या. तयार झालेला शिक्षक मग वर्गामागे ठरावीक रक्कम घेऊन तीन ठिकाणी धावतो. आजारी पडला तर वर्ग बुडाला, वर्ग बुडाला तर पैसे बुडाले. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. दुसऱ्यांना सावकाश श्वास घ्यावयास सांगणारी बाई स्वतः मात्र सव्वासातची लोकल चुकेल या धास्तीत असते. आणि ती न्याय मागण्यास कोठे जाणार? १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा कामगार नव्हे. ज्ञानदानाचे काम त्याहून थोर आहे. थोरपणाचे हे ओझे फार जड असते, हे शाळेतल्या कंत्राटी शिक्षकांना विचारावे.

नागपुरात रामनगरला जनार्दनस्वामींचे योगाभ्यासी मंडळ विनामूल्य योग शिकवीत आले आहे. त्याचे शिक्षक आपला चरितार्थ दुसरीकडे चालवतात आणि सेवा म्हणून शिकवतात. त्या परंपरेपुढे आम्ही हात जोडतो. मात्र ज्याने फी घेऊन धंदा मांडला आहे, त्याने शिक्षकापुरते सेवेचे नाव पुढे करावे हे आम्हाला मान्य नाही.

परदेशात शिक्षकांनी याला उत्तर शोधले. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘योगवर्क्स’ या कंपनीच्या शिक्षकांनी मतदान करून युनियन केली, आणि त्यांना सामावून घेतले ते यंत्रकामगारांच्या संघटनेने. विमानाचे इंजिन जोडणारे आणि शीर्षासन शिकवणारे एका झेंड्याखाली आले. वाटाघाटी पुऱ्या होण्याआधीच २०२० ची साथ आली, कंपनीने न्यूयॉर्कमधल्या आपल्या शाळा बंद केल्या आणि त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. शिक्षक घरच्या फोनसमोर चटई टाकून शिकवू लागले. इंग्लंडात पुढच्याच वर्षी, २०२१ साली, योगशिक्षकांची युनियन स्थापन झाली. टपालवाहक मोटारसायकलस्वार, टॅक्सीवाले, सफाई कामगार अशांना एकत्र आणणाऱ्या एका नव्या कामगार संघाने आपली एक शाखा म्हणून तिला जागा दिली.